माझ्या पगाराची गाडी

तेलंगणातल्या गुडीहत्नूरला आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांवर महाराष्ट्राचा नंबर आहे. नवा माणूस आला की त्याला वाटतं, कुणाकडे तरी लग्न दिसतंय, पाहुणे उतरलेत. पाहुणे कुठले आलेत! मालक आत जेवत बसलेले असतात. आमच्यातल्या प्रत्येकाचा एखादा भाऊ, साडू नाहीतर मावसभाऊ पैनगंगेच्या पलीकडे आहे. गाडी तिकडे घ्यायची, त्याच्या नावावर राहू द्यायची आणि चालवायची इकडे. नाव बदलायचं तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणा, इकडे जन्मभराचा टॅक्स एका दमात भरा, खेटे घाला. त्यापेक्षा ‘राहू दे ना बापा, घरच्याच माणसाच्या तर नावावर आहे’ एवढं म्हटलं की काम भागतं. हायवेवर कुणी अडवलंच तर पाहुणा व्हायचं. माझे एक सहकारी शिक्षक तर गाडी अडवली की तेलुगू विसरतात.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. टॅक्स का भरावा, हे दरवर्षी पोरांच्या गळी उतरवते. ते उतरवून बाहेर यायचं आणि यवतमाळ जिल्ह्याच्या नंबरच्या गाडीत बसून तेलंगणातल्या आपल्या घरी जायचं, असं मी पाच वर्षं केलं. लाज वाटली का? खरं सांगायचं तर नाही वाटली. सगळेच करतात म्हटल्यावर लाजेला जागा कुठे राहते?

माझी शाळा नार्नूरकडे, मराठी माध्यमाची. सकाळी आर्टीसीची बस इंद्रवेल्लीपर्यंत, तिथून शेअर ऑटो. ऑटो भरला की नाही हे ऑटोवाला ठरवणार. बारा माणसं झाली, दोन कोंबड्या झाल्या, तरी त्याचं ‘आणखी एक’ चालूच. पंधरा वर्षं मी हे मुकाट्याने केलं. मुकाट्याने म्हणजे भांडत भांडतच, पण केलं. एक दिवस ऑटोच्या मागच्या फळीवर उलटं बसून, पाय बाहेर सोडून, एका हाताने पदर आणि एका हाताने डबा धरून चालले होते. मागून सायकलवर माझ्याच वर्गातल्या दोघी येत होत्या. त्यांनी तशाही अवस्थेत मला ‘नमस्ते टीचर’ केलं. मला उलटून नमस्कार करायला हात मोकळा नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, मी गाडी घेणार आहे.

माझा नवरा महसूल खात्यात कारकून होता, आता निवृत्त आहे. गाडीबद्दल त्याचं मत एकच. जमीन पडून राहिली तरी वाढते, गाडी उभी राहिली तरी घटते. हे त्याने मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांत नाही म्हटलं तरी दोनशे वेळा ऐकवलं असेल. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. त्याचं प्रेम कागदावर. रसीद, दाखला, अर्जाची पोच, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मिक्सर मोडीत निघून नऊ वर्षं झाली तरी. आमच्या पलंगाखाली दोन लोखंडी ट्रंका आहेत, त्यांत माणसाच्या उपयोगाचं काहीही नाही. एकदा मी दहा वर्षांपूर्वीची विजेची बिलं चुलीत घातली तर हा माणूस दोन दिवस जेवला नाही. ‘फाडलेला कागद पुन्हा जोडता येत नाही’ म्हणे. मी म्हटलं, जोडायचाय कुणाला?

तर त्याला मी म्हटलं, ‘तुमचा एक रुपया नको. माझ्या पीएफमधून काढते.’

‘घरातला पैसा तो घरातलाच,’ तो म्हणाला.

‘नाही. हा माझा आहे.’

माझा आवाज कुठल्या पट्टीत गेला की गप्प बसायचं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

गाडी माझ्या मोठ्या भावाची होती. आमचं माहेर इथलंच, वडिलांचा भाजीचा मळा होता. पण दादा लग्नानंतर सासऱ्यांच्या गावाला, पांढरकवड्याला गेला आणि तिथे त्याने बी-बियाण्याचं, खताचं दुकान टाकलं. पांढरी, लहानशी, चार वर्षं वापरलेली गाडी. मी फोनवर नुसतं ‘गाडी पाहून राह्यली’ म्हटलं तर तो लगेच म्हणाला, ‘अवं बाई, मंग माहीच घेऊन जा ना! दुसऱ्याची काऊन घेतं? दोन लाख ऐंशी दे.’ भाऊ म्हणून काही कमी करशील की नाही, असं मी विचारलं. ‘भाऊ हाय म्हनूनच खरी किंमत सांगून राह्यलो,’ तो म्हणाला आणि हसला. पैसे मात्र रोख पाहिजेत. दुकानाच्या खात्यात आले की बँकवाले कर्जात वळते करतात. आणि आणखी एक गोष्ट, ‘तुह्या वहिनीसमोर पैशाचं काढू नको. तिले माहेरी सांगाची सवय हाय.’ मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे भाऊ-बहीण पैशाचं बोलतात तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातच असते.

पैसे द्यायला गेले तेव्हा नवरा सोबत आला होता. दादाने दुकानाच्या गल्ल्यात नोटा ठेवल्या आणि हा माणूस खाकरला. ‘भाऊजी, एक पोच लिहून द्या.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या भावाकडून पोच! पण दादा हसला. त्याने बिलबुक ओढलं, एका कोऱ्या बिलावर लिहिलं, ‘गाडीचे दोन लाख ऐंशी हजार रु. बहिणीकडून रोख पोचले’, खाली तारीख, सही. वर दुकानाचा शिक्काही मारला, नवऱ्याला चिडवायला. नवऱ्याने ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि पोटभर जेवल्यासारखं तोंड केलं. परत येताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढचे तीन दिवसही नाही.

गाडीचे कागद दादाच्याच नावावर राहिले. राहू दे ना बापा.

गाडी मी कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात शिकले. शिकवणारा ‘मॅडम, क्लच, मॅडम, क्लच’ करून घसा बसवून घ्यायचा. दीड महिना लागला. चाळिशी उलटलेल्या बाईला गिअर टाकताना बघायला भिंतीवर माणसं बसायची, आणि बघणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी मत असायचंच. बायांनी स्कूटी चालवावी, गाडी कशाला. गाडी शिकावी, पण हायवेवर नेऊ नये. हायवेवर न्यावी, पण सोबत पुरुष असावा. आणि बायांना बस फुकट झाली तेव्हा तर माझी खैर नव्हती. ‘सरकार फुकट नेऊन सोडते अन् ही बया पेट्रोल जाळते!’ असं शेजारीण माझ्या तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, फुकट बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली की मला कळव.

नवरा गाडीत मागे बसायचा. मागे, डाव्या खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन. का, तर पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो. लोकांना वाटायचं, कुणी साहेब चाललेत आणि बाई ड्रायव्हर ठेवलीय. दोनदा तर धाब्यावर पोऱ्याने मला बाहेरच्या बाकावर चहा आणून दिला आणि त्याला आत बसवलं. मी तो चहा बाहेरच प्याले. माझी काही हरकत नव्हती, किल्ली माझ्याकडे होती.

पण एक प्रश्न मला सहन व्हायचा नाही. पहिल्या दिवशी शाळेच्या आवारात गाडी लावली तर हेडमास्तरांनी विचारलं, ‘मेडमगारू, कारु एवरु कोनिच्चारु?’ म्हणजे, गाडी कुणी घेऊन दिली? कुणी घेतली असं नाही, कुणी घेऊन दिली. पेट्रोल पंपावर तेच, पंक्चरवाल्याकडे तेच, लग्नात मांडवात तेच. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, सगळ्यांना तेच जाणून घ्यायचं होतं. मिस्टरांनी घेतली का? मुलगा परदेशात आहे का? मला मूलबाळ नाही, तेही मग सांगत बसा. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. ‘ना जीतंतो.’ माझ्या पगाराने. हे म्हणताना माझी मान जरा ताठ व्हायची, ती मला आतून कळायची आणि आवडायची. दागिना मी कधी मिरवला नाही, पण हे उत्तर मिरवलं.

त्या पाच वर्षांत दादाकडे जाणं-येणं होतं, गाडीनेच. तासाभराचा रस्ता. वहिनी मात्र जरा फटकून वागायला लागली होती. चहा द्यायची, बस म्हणायची, पण गाडीकडे पाहायची नाही. निघताना दारापर्यंत यायची, फाटकापर्यंत नाही. मी माझ्यापुरता अर्थ लावला होता, की मी स्वतः चालवत येते हे तिला खुपतं. तिला सायकलही येत नाही. मी मनात म्हणायची, जळू दे.

यंदा होळीच्या आधी दादा गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली आणि तिथेच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी गाडी चालवत गेले. पूल मी वेग न उतरवताच ओलांडला. नवरा मागच्या सीटवरून म्हणाला, ‘हळू.’ एवढंच बोलला. तेरा दिवस झाले, पाहुणे गेले, मी शाळेत रुजू झाले. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

उन्हाळ्यात गाडीच्या इन्शुरन्सची मुदत संपत आली आणि नवऱ्याने ट्रंक उघडली.

‘आता ही गाडी कुणाची?’ त्याने विचारलं.

‘म्हणजे? माझी.’

‘कागदावर एका मेलेल्या माणसाची आहे. उद्या रस्त्यात कुणाला ठोकलंस तर इन्शुरन्सवाला हात वर करील. आता ती वारसांची. वहिनीची सही लागेल.’

पाच वर्षांत एकदा तरी ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं तो म्हणाला असता तर मी भांडले असते. तो म्हणाला नाही. त्याने फक्त बिलबुकातली ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवली. ‘असू दे जवळ.’

मी ती पुढच्या कप्प्यात टाकली, गाडीच्या पुस्तकाखाली, आणि शाळेला सुट्टी लागल्यावर एकटीच पांढरकवड्याला गेले. वहिनीकडे सही मागायला. तिचा नवरा गेल्याला तीन महिने होतात न होतात तोच नणंद गाडीचे कागद घेऊन येते, हे कसं दिसेल, याचा विचार करत मी निम्मा रस्ता तिसऱ्या गिअरमध्येच काढला.

वहिनीने दुकान बंद ठेवलं होतं. खताचं लायसन दादाच्या नावाचं, त्यामुळे माल कंपनीवाले उचलून घेऊन गेले होते. रिकाम्या फळ्या दिसत होत्या. भाची कॉलेजात गेली होती. वहिनीने चहा ठेवला. मी कसाबसा विषय काढला. सही लागेल म्हटलं.

‘करते ना,’ वहिनी म्हणाली. ‘सही कायले नाही करीन?’ मग कपातल्या चहाकडे बघत बसली. ‘ताई, एक गोष्ट सांगते. राग नका मानू.’

‘बोला ना वहिनी.’

‘तुमच्या भावानं ही गाडी तुमाले भाऊबीजेच्या ओवाळनीत देल्ली, तवा मी पंधरा दिवस त्याइच्याशी बोलली नाही. मले लय राग आला होता. घरात एक गाडी, ते बी बहिनीले देऊन मोकळे! मी म्हनलं, साडी द्या, अंगठी द्या, गाडी कोनी देते का? तं म्हनाले, एकच बहीन हाय मले, ऑटोच्या मांगं लटकून जाते.’

मी कप खाली ठेवला.

ओवाळणीत. पीएफचे दोन लाख ऐंशी हजार, नोटा मोजताना अंगठा ओला करणारा दादा, बिलावरचा शिक्का, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि दुसरंही एक आठवलं. त्या वर्षी दादाने गावोगावचा कापूस घेऊन भरून ठेवला होता, भाव चढतील म्हणून. मला फोनवर ओझरतं बोलला होता. आधी एकदा त्यात हात पोळले होते आणि वहिनीने त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की पुन्हा कापसात पडणार नाही. पडला. भाव चढले नाहीत. गाडी विकून ते भोक बुजवलं आणि बायकोला सांगितलं, बहिणीला दिली. म्हणून रोख. म्हणून वहिनीसमोर पैशाचं काढू नको. पाच वर्षं वहिनीने मला फुकटात गाडी नेणारी नणंद समजलं, आणि मी तिला जळणारी बाई समजले. वा दादा, वा!

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही म्हणतात. येतं, चांगलं येतं.

वहिनीचं संपलं नव्हतं. ‘आता वाटते, बरं केलं त्याइनं. जनमभर पै-पै करत राह्यले. दुकान, उधारी, पोरीची फी. एक काम तेवढं दिलदारीनं केलं. लोकं बसाले येतात ना, मी सांगते त्याइले. बहिनीले गाडी देल्ली म्हनते. लोकं म्हनतात, असा भाऊ पाहाले नाही भेटत.’ तिने डोळ्याला पदर लावला नाही. सरळ माझ्याकडे बघत होती. ‘पर ताई, आता माह्यावर वेळ आली हाय. दुकानाच्या जागेत मले पिठाची चक्की टाकाची हाय. गाडी वापस द्या म्हनाची हिंमत नाही, अन् देल्लेलं मागू बी नाही. तरी मागते. गाडी नको तं तिचे आजचे जे काय होतीन ते दीडक लाख द्या. मी उपकार मानीन.’

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. माझा स्वभाव असा, की जिभेवर आलेलं मी आजवर कधी गिळलं नाही. हेडमास्तरांना सोडलं नाही, नवऱ्याला सोडलं नाही, सासूला तर कधीच नाही. पैसे दिलेत मी, सगळे दिलेत, तुमच्या नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे, शिक्क्यासकट. एवढंच तर म्हणायचं होतं. खरं होतं ते, शब्दन् शब्द.

‘कागद गाडीत आहेत, आणते,’ म्हणून मी उठले.

गाडीत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, काचा बंद. आत भट्टी झाली होती. कप्पा उघडला. पुस्तकाखालून चिठ्ठी काढली. दादाचं अक्षर वाईटच. ‘पोचले’ मधला ‘च’ त्याने लहानपणापासून उलटा काढला, वडिलांचा मार खाऊनही सुधारला नाही. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ही नेऊन वहिनीच्या हातात दिली की माझी गाडी माझी होणार होती, एक रुपया न देता. आणि वहिनीकडे राहणार होता पोरीची शपथ मोडून कापसात पैसा घालवणारा, वर खोटं बोलणारा नवरा. बसायला येणाऱ्यांना मग तिने काय सांगायचं?

आणि हेही लिहिते, नाहीतर मी फार मोठी होऊन बसेन. मला वहिनीची दया आली म्हणून मी थांबले नाही. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की असा भाऊ मलाही हवा होता. ओवाळणीत गाडी देणारा. खोटा का होईना, तो तिच्या बोलण्यात होता आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीत नव्हता.

घामाने ब्लाउज चिकटला तशी मी चिठ्ठी परत पुस्तकाखाली सरकवली. गाडीचे कागद तेवढे घेऊन आत गेले. म्हटलं, ‘दीड लाख देते वहिनी. सुट्टी संपायच्या आत.’

वहिनीने दोन्ही हात माझ्या हातावर ठेवले. या खेपेला ती फाटकापर्यंत आली.

घरी नवरा ओट्यावर वाट बघत उभा होता. मी गाडी बंद केली आणि उतरलेच नाही. त्याने मागचं दार उघडायला हात घातला, मग काय वाटलं कोण जाणे, पुढून वळसा घालून आला आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसला. लग्नात नवरदेव बसतो तसा अवघडून.

‘केली सही?’

‘करणार आहे. दीड लाख द्यायचेत.’

‘कशाचे?’

मी सगळं सांगितलं. कापूस, शपथ, ओवाळणी, चक्की. तो समोरच्या काचेतून शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघत ऐकत होता. दीड लाख म्हणजे घरावर खोली बांधायला ठेवलेले पैसे. मी वाट पाहत होते, की हा आता तोंड उघडेल. अडाणी म्हणेल, भावनेच्या भरात म्हणेल, एका गाडीचे दोनदा पैसे देणारी बाई जिल्ह्यात दुसरी नाही म्हणेल. म्हणाला असता तर बरं झालं असतं. मला भांडायचं होतं, दिवसभर साठलेलं कुणाच्या तरी अंगावर ओतायचं होतं.

‘चिठ्ठी दाखवली?’ त्याने विचारलं.

‘नाही.’

‘कुठाय?’

मी कप्प्याकडे बोट दाखवलं. त्याने पिशवी काढली, चिठ्ठी बाहेर काढून वाचली, मागची बाजूही पाहिली, सवयीने. मग त्याने ती फाडली. आधी मधोमध, मग आडवी, मग आणखी दोनदा. सावकाश, कडेला कड जुळवून, जशी ऑफिसात फाइल लावायचा तशी. सत्तावीस वर्षांत त्या माणसाला मी बसचं तिकीट फाडताना पाहिलेलं नाही.

‘तुझ्या तोंडाचा भरवसा नाही,’ तो म्हणाला. ‘कागद राहिला तर कधीतरी रागात काढशील.’

तुकडे त्याने शर्टाच्या खिशात ठेवले आणि वरून बटण लावलं. मला रडू आलं. दादा गेल्यावर आलं होतं त्याहून जास्त आलं, आणि गल्लीतली पोरं काचेला नाक लावून बघत असतानाच आलं. नवऱ्याने रिकामी पिशवी घडी घालून कप्प्यात ठेवली. मग म्हणाला, ‘पेट्रोल किती आहे?’ म्हटलं, अर्धी टाकी. ‘मग चल, कुठेतरी चक्कर मारून आण.’ आम्ही टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. तो सगळा रस्ता दोन्ही हातांनी पट्टा धरून बसला होता.

खोली अजून झालेली नाही. चक्की झाली. पैसे या वेळी बँकेतून गेले. दिवाळीच्या तोंडावर गाडी आधी वहिनीच्या आणि मग माझ्या नावावर झाली. जन्मभराचा टॅक्सही भरला, पावती ट्रंकेत आहे. आता टॅक्सचा धडा शिकवताना मी पोरांच्या डोळ्यांत बघू शकते, पोरांना अर्थात त्याचं काही नाही.

आदिलाबादला नवी नंबर प्लेट बसवायला गेले तेव्हा वहिनी सोबत होती. तिला चक्कीचा पट्टा घ्यायचा होता, म्हणून मीच आणलं होतं. पुढच्या सीटवर बसली होती, डब्यात माझ्यासाठी करंज्या. प्लेटवाल्याने एमएच एकोणतीसची पाटी स्क्रू काढून उपसली. ती टाकून देत होता तर वहिनीने मागून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. त्याने टीजी शून्य एकची पाटी लावली, फडक्याने पुसली आणि उभा राहून माझ्याकडे पाहिलं. एवढी जुनी गाडी, आणि या बाईच्या नावावर आता होतेय.

‘मेडम, कारु एवरु कोनिच्चारु?’ त्यानेही तेच विचारलं.

वहिनीला तेलुगूचं अक्षर कळत नाही. ती पाटीचं पुडकं पिशवीत नीट बसवण्यात गुंतली होती. खरं सांगितलं असतं तरी तिला समजलं नसतं. दोनदा सांगितलं असतं तरी चाललं असतं, दोनदाच तर दिले होते पैसे.

‘मा अन्न,’ मी म्हटलं. माझ्या भावाने.

‘मंची अन्न,’ तो म्हणाला. चांगला भाऊ. मी हो म्हटलं आणि गाडी सुरू केली.